चिनी माणसाचे सण आणि घरची वाट

(मंडळाच्या आषाढ महिन्यातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चीन म्हटले की आपल्यापुढे दोन-तीन गोष्टी उभ्या राहतात. सीमेवरचे सैन्य, बाजारातला स्वस्त माल आणि हातगाडीवरचे नूडल्स. त्या देशातली साधी माणसे सण कसे करतात, एकमेकांकडे जाताना काय नेतात, कशाला अशुभ मानतात, हे आपल्याला फारसे कुणी सांगत नाही. पण आता ते माहीत असण्याची गरज आपल्यालाही पडू लागली आहे. आपल्याकडची मुले वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे जातात. दिवे, खेळणी, यंत्रांचे सुटे भाग आणणारे व्यापारी ईवू आणि ग्वांगचौच्या बाजारात फेऱ्या मारतात. दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत तिकडचा कारखाना दोन-तीन आठवडे फोन उचलत नाही आणि माल अडकतो, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. कारखान्यातली माणसे त्या दिवसांत गावी गेलेली असतात. आजचे माझे बोलणे त्या गावी जाण्याविषयीच आहे.

आधी पंचांग पाहू, कारण तिथे आपले आणि त्यांचे नाते जवळचे आहे. त्यांचे पंचांगही आपल्यासारखेच चंद्र आणि सूर्य दोघांना धरून चालते. बारा चांद्रमासांचे दिवस होतात सुमारे ३५४, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकरा कमी. ही तूट भरायला आपण अधिक महिना धरतो, तेही धरतात. एकोणीस वर्षांत सात. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत पडत नाही तो आपला अधिक मास. त्यांनी सूर्याच्या वर्षाचे चोवीस भाग पाडले आहेत आणि त्यांतले बारा मुख्य मानले आहेत. ज्या महिन्यात मुख्य भाग सुरू होत नाही तो साधारणपणे अधिक. आपले पंचांग निरयन आणि त्यांचे सायन, म्हणून दोघांचे अधिक महिने एकाच वेळी पडत नाहीत. आपला अधिक ज्येष्ठ यंदा झाला. त्यांचा अधिक सहावा महिना गेल्या वर्षी, २५ जुलै ते २२ ऑगस्ट २०२५ असा होता. आणखी एक फरक असा की ज्या दिवशी अमावास्या, तोच त्यांच्या महिन्याचा पहिला दिवस.

याचा परिणाम आपल्या गणेशोत्सवाशी जोडून पाहा. त्यांच्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी मध्य-शरदाचा सण असतो. २०२४ साली तो १७ सप्टेंबरला आला, त्या दिवशी आपली अनंत चतुर्दशी होती. गेल्या वर्षी अधिक महिन्यामुळे तो ६ ऑक्टोबरला गेला, त्या दिवशी आपली कोजागिरी. यंदा २५ सप्टेंबरला पुन्हा अनंत चतुर्दशी. म्हणजे बाप्पाला निरोप देऊन आपण रिकामा पाट घेऊन परत येताना जो चंद्र डोक्यावर असेल, तोच चंद्र पाहायला चिनी कुटुंबे गच्चीवर आणि बागेत जमलेली असतील. चतुर्थीला आपण ज्या चंद्राकडे पाहायचे टाळतो, तो मोठा झाला की ते मुद्दाम पाहतात. त्या रात्री चंद्रासारखी गोल, सारण भरलेली भाजलेली मिठाई खातात. इंग्रजीतून तिला मूनकेक हे नाव पडले आहे. सारण कमळबियांचे किंवा लाल चवळीसारख्या कडधान्याचे असते. पुष्कळदा आत खारवलेल्या अंड्याचा बलक आणि पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबीही असते, तेव्हा शाकाहारी मंडळींनी विचारून खावे. पुष्कळ घरी घरातली माणसे मोजून तितके तुकडे करतात. गोल आकाराचा अर्थच मुळी सगळे एकत्र असणे असा आहे.

त्यांचा सर्वांत मोठा सण नववर्षाचा. तो २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान केव्हाही येतो. यंदा १७ फेब्रुवारीला आला आणि घोड्याचे वर्ष सुरू झाले. तयारी आठवडाभर आधी सुरू होते. उत्तरेत बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी आणि दक्षिणेत चोविसाव्या दिवशी चुलीच्या देवाला निरोप देतात. हा देव वर्षभर स्वयंपाकघरात बसून घरातले सगळे ऐकतो आणि वर्षाअखेर स्वर्गात जाऊन अहवाल देतो. म्हणून निघताना त्याच्या तोंडाला चिकट गोड मिठाई किंवा मध लावतात. बोलला तर गोड बोलेल, नाही तर तोंड चिकटून बसेल! तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगणाऱ्या आपल्याला ही युक्ती समजावून सांगायला नको. वरिष्ठांकडे गोपनीय अहवाल जाण्याआधी आमच्या कार्यालयातही चहा जरा जास्त गोड होतो.

मग घर झाडून घेतात. पण नववर्षाच्या पहिल्या दिवशी झाडू हातात घेत नाहीत, कारण आलेले भाग्य झाडले जाईल. दारावर लाल कागदाच्या दोन उभ्या पट्ट्या लावतात, त्यांवर शुभेच्छेच्या ओळी असतात. ‘फू’ म्हणजे सुख, हे अक्षर पुष्कळदा उलटे चिकटवतात. ‘उलटे’ आणि ‘आले’ या दोन्ही शब्दांचा उच्चार चिनी भाषेत ‘दाव’ होतो, म्हणून ‘सुख उलटे झाले’ म्हटले की ‘सुख आले’ असे ऐकू येते. ज्या घरात वर्षभरात कुणी गेले असेल, त्या घरी पुष्कळ ठिकाणी लाल कागद लावत नाहीत. आपणही त्या वर्षी घरात सण करत नाही.

वर्षाच्या शेवटच्या रात्री कुटुंबाचे एकत्र जेवण. साऱ्या सणाचा जीव या जेवणात असतो. उत्तरेकडे घरातले सगळे बसून ‘ज्याओझ’ करतात. आपल्या उकडीच्या करंज्यांसारखा हा प्रकार. आत मांस आणि भाजी, वरून गव्हाच्या पिठाची पारी. दक्षिणेत चिकट तांदळाच्या पिठाचा ‘न्येनगाव’ करतात. त्याच्या नावातून ‘दर वर्षी वर चढो’ असा अर्थ ध्वनित होतो. अख्खा मासा ताटात असतोच, कारण मासा आणि शिल्लक या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘यू’. म्हणून तो सगळा संपवत नाहीत, थोडा शिल्लक ठेवतात. जेवणानंतर १९८३ पासून दर वर्षी सरकारी दूरचित्रवाणीवर चार-साडेचार तासांचा कार्यक्रम चालतो. मोठी माणसे मुलांना लाल पाकिटात पैसे देतात. २०१४ पासून ही पाकिटे मोबाईलवरूनही जाऊ लागली.

दुसरा दिवस माहेरचा. जुन्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या रात्रीचे जेवण आणि पहिला दिवस सासरी, आणि दुसऱ्या दिवशी लेक जावयाला आणि मुलांना घेऊन आईकडे. मंडळातल्या माझ्या भगिनींना यात नवीन काही वाटणार नाही. पंधराव्या दिवशी पहिली पौर्णिमा. त्या रात्री कंदील लावतात आणि गोड सारणाचे तांदळाचे गोळे गरम पाण्यात उकडून खातात. त्यांना दक्षिणेत ‘थांगय्वान’ म्हणतात. ‘थ्वानय्वान’ म्हणजे कुटुंब एकत्र येणे. शब्दाशी शब्द जुळतो.

शब्दांच्या उच्चारांवरचा हा विश्वास रोजच्या वागण्यातही आहे, आणि तिकडे जाणाऱ्याने तो जाणून घेतलाच पाहिजे. कुणाला भिंतीवरचे किंवा टेबलावरचे घड्याळ भेट देऊ नये. ‘घड्याळ देणे’ याचा उच्चार ‘अंत्यविधीला जाणे’ यासारखा होतो. छत्रीही देऊ नये. तिच्या नावात ‘पांगणे’ ऐकू येते. नवराबायकोने एक नासपती कापून वाटून खाऊ नये, त्यात ताटातूट आहे. चार या आकड्याचा उच्चार मृत्यूजवळ जातो, म्हणून इमारतींत कधी चौथा मजलाच नसतो. आठ हा भरभराटीचा आकडा. आपण लग्नात १०१ किंवा ५०१ देतो, वरचा एक रुपया शुभ मानतो. त्यांच्याकडे लग्नाच्या पाकिटात सम आकडा हवा, कारण शुभ गोष्ट जोडीने येते. विषम रक्कम मृत्यूच्या घरी द्यायची. आपले ५०१ घेऊन तिकडच्या लग्नाला गेलात तर घोटाळा व्हायचा. पाकीट लाल असावे. पांढरे पाकीट दुःखाचे.

भेट आणि व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे-घ्यावे. यजमान पहिल्यांदा ‘नको, नको’ म्हणेल, तो नकार खरा मानू नये. दिलेली वस्तू समोर उघडली नाही तर राग मानू नये, तोच तिथला शिष्टाचार. भाताच्या वाडग्यात काड्या उभ्या खोचून ठेवू नयेत. मृतासाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखे ते दिसते. आडनाव आधी आणि नाव नंतर येते. हॉटेलात बिल कुणी द्यायचे यावरून दोन मित्रांची ओढाताण झाली तर ते भांडण समजू नये. आणि जुन्या पिढीतली माणसे रस्त्यात भेटली की ‘जेवलात का?’ असे विचारतात. त्याला उत्तर ‘जेवलो’ एवढेच; ते जेवणाचे आमंत्रण नव्हे.

आता गावी जाण्याची गोष्ट. नववर्षाच्या आगेमागे चाळीस दिवस सगळ्या देशात जी ये-जा चालते तिला ‘छुनयुन’ म्हणतात. तिथले सरकार प्रवासाची एकेक फेरी मोजते. २०२५ साली त्या चाळीस दिवसांत अशा ९०० कोटींच्या आसपास फेऱ्या झाल्या. २००८ च्या जानेवारीत हिमवादळाने रेल्वे बंद पडली तेव्हा ग्वांगचौच्या स्टेशनाबाहेर लाखो माणसे थंडी-पावसात दिवसेंदिवस उभी होती. गाड्यांची तिकिटे मिळत नसत तेव्हा ग्वांगतुंग प्रांतातले कामगार मोटारसायकलवर बायको-मुलांना बसवून, रेनकोट गुंडाळून, शेकडो किलोमीटर दूर ग्वांगशीतल्या गावी जात. वेगवान रेल्वे झाल्यावर तो त्रास पुष्कळ कमी झाला.

एवढा जीव का टाकतात? १९५८ पासून तिथे कुटुंबनोंदणीची ‘हूखौ’ नावाची पद्धत आहे. आपले रेशनकार्ड आणि रहिवासी दाखला एकत्र केला तर जे होईल तसे समजा. खेड्यात नोंद असलेला माणूस शहरात वीस वर्षे कामाला असला तरी त्याच्या मुलाला तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळणे कठीण होते. अलीकडे नियम पुष्कळ सैल झाले, पण मोठ्या शहरांत अडचण आहेच. म्हणून आईबाप कारखान्यात आणि मुले गावी आजीआजोबांकडे, असे लाखो संसार चालतात. त्या मुलांना आईबाप वर्षातून एकदा दिसतात, ते नववर्षाला. लिशिन फान यांच्या २००९ च्या ‘लास्ट ट्रेन होम’ या माहितीपटात असे एक कुटुंब आहे. मुलीच्या शिक्षणासाठी आईबाप शिवणकामाच्या कारखान्यात राबतात, आणि मुलगी शाळा सोडून स्वतःच कारखान्यात जाते. वर्षातून एकदा घरी आलेल्या आईबापांशी तिचे पटत नाही. सणाच्या ताटावर बसूनही घर जुळत नाही, हे त्यात दिसते.

या सणाने सरकारांचेही पुष्कळ पाहिले आहे. मी स्वतः राज्य सरकारचा नोकर आहे. सुट्ट्यांची यादी दर वर्षी माझ्या टेबलावर येते, म्हणून हा भाग मला विशेष वाटला. १९१२ साली प्रजासत्ताकाने इंग्रजी कॅलेंडर स्वीकारले. पुढे ‘नववर्ष’ हे नाव १ जानेवारीकडे गेले आणि जुन्या नववर्षाला ‘वसंताचा सण’ म्हणू लागले. १९३० च्या सुमारास नानकिंगच्या सरकारने जुने पंचांगच बंद करायचे ठरवले, पण लोकांनी ऐकले नाही आणि काही वर्षांत तो हट्ट सोडावा लागला. १९४९ च्या कम्युनिस्ट सरकारने वसंताच्या सणाला तीन दिवस सुटी दिली. मग १९६६ साली सांस्कृतिक क्रांती आली. जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या रूढी आणि जुन्या सवयी या चार जुन्या गोष्टी मोडायच्या ठरल्या. १९६७ साली नववर्षाची सुटीच रद्द झाली आणि कामगारांनी त्या दिवशीही कामावर यावे असे ठरले. सत्तरीचे दशक संपेपर्यंत ही गत होती. चुलीच्या देवाचे चित्र उघडपणे लावण्याची सोय राहिली नाही. पण कामावरून आल्यावर घरात ज्याओझ करायला हुकूम लागत नाही, आणि बंदी घातली तरी पाळत कोण ठेवणार? सण पंगतीतून हलला आणि चुलीपाशी जाऊन बसला.

२००८ पासून आणखी तीन जुन्या सणांना सुटी मिळू लागली: छिंगमिंग, त्वानवू आणि मध्य-शरद. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी त्वानवू येतो. कवी छू य्वानने नदीत जीव दिला त्याची आठवण म्हणून होड्यांच्या शर्यती लावतात आणि पानात गुंडाळून उकडलेला चिकट भात खातात. आपल्या गोव्या-कोकणच्या हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवाव्यात. वसंताच्या सणाची सुटी २०२५ पासून चार दिवसांची झाली. सलग मोठी सुटी करण्यासाठी सरकार आगेमागेचा शनिवार-रविवार कामाचा ठरवते, आणि त्यावर तिथले नोकरदार दर वर्षी कुरकुर करतात. नोकरदार सगळीकडे सारखेच!

छिंगमिंगविषयी दोन शब्द जास्त बोलतो. हा सण सूर्यावर ठरतो, म्हणून आपल्या संक्रांतीसारखा जवळजवळ ठरलेल्या तारखेला, ४ किंवा ५ एप्रिलला येतो. त्या दिवशी पूर्वजांच्या थडग्यांवरचे गवत काढतात, झाडलोट करतात, फळे आणि अन्न ठेवतात, कागदी पैसे जाळतात. आपला पितृपक्ष घरात आणि नदीकाठी होतो, त्यांचा थडग्यापाशी. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. शिज्याझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. छिंगमिंगला तिथले लोक तिच्यावर फुले वाहतात. ते काही त्यांचे गोत्रज नाहीत. ज्याने आपल्या माणसांसाठी देह ठेवला तो आपलाच, असे मानून वाहतात. दोन देशांत कितीही कटुता आली तरी हे फूल लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता शेवटचा आणि मला सर्वांत अवघड वाटणारा मुद्दा. जुलै २०१३ पासून चीनमध्ये ज्येष्ठांच्या कायद्यात एक कलम आले. वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वारंवार भेटावे किंवा त्यांची विचारपूस करावी, असे ते कलम सांगते. ज्या समाजात आईवडिलांची सेवा हा अडीच हजार वर्षे पहिला धर्म मानला, तिथे ही गोष्ट कायद्यात लिहावी लागली. त्यामागे एक मोठे कारण घरातल्या माणसांच्या संख्येचे आहे. १९८० च्या सुमारास एक मूल हा नियम झाला आणि २०१५ च्या अखेरीपर्यंत चालला. चिनी भाषेत नात्यांचे शब्द आपल्यासारखेच नेमके आहेत. वडिलांचा मोठा भाऊ वेगळा, धाकटा भाऊ वेगळा, मामा वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. पण शहरातल्या घरांत दोन पिढ्या एकेकच मूल झाले, तिथे तिसऱ्या पिढीतल्या मुलाला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही. शब्द कोशात आहेत, हाक मारायला माणूस नाही. नवरा एकुलता, बायको एकुलती. शेवटच्या रात्रीचे जेवण कुणाकडे करायचे? एका घरी गेले की दुसऱ्या घरी दोन म्हातारी माणसे गोल टेबलावर समोरासमोर बसतात. काही जोडपी पाळी लावतात, एक वर्ष इकडे आणि एक वर्ष तिकडे. काही दोन्हीकडच्या आईवडिलांना आपल्याकडे शहरात बोलावतात. जुना रिवाज मोडून केलेली ही सोय मला तरी रिवाजाला धरूनच वाटते. ताटावर कुणी एकटे राहू नये एवढ्यासाठीच तो रिवाज होता.

मंडळी, आपल्या घराण्यांना महाराष्ट्र सोडून पिढ्या झाल्या. आपल्यातल्या पुष्कळांना परत जायला गाव उरलेले नाही. म्हणून आपल्या वाडवडिलांनी सण बरोबर आणला, इथे मंडळ उभे केले आणि दहा दिवसांची पंगत चालू ठेवली. आता आपली मुले पुणे, बेंगळुरू, कॅनडाला आहेत, आणि ‘यंदा सुटी नाही’ असा फोन दर वर्षी काही घरी येतोच. सुटी कुणाला मिळेल, कुणाला नाही. चिनी लोकांनी तर सुटी रद्द झालेली वर्षेही पाहिली. म्हणून माझी एकच विनंती आहे. यंदा पंगतीच्या याद्या करताना कार्यकर्त्यांनी आपापल्या गल्लीतली अशी घरे शोधावीत, जिथे दोनच म्हातारी माणसे उरली आहेत. त्यांना पावतीपुस्तक घेऊन भेटायला जाऊ नका, जेवायला न्यायला जा. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीहून परत येताना त्यांना घरापर्यंत सोडून या, आणि वर चंद्र दिसला तर दोन मिनिटे त्यांच्या ओट्यावर बसा.



गणपती बाप्पा मोरया!